क्विल्ट शोच्या ज्युरीनं गोधडी नाकारली. आता उसवायची का?

सुईदोरा_दारव्हा
नमस्कार. बचत गटातल्या चौघींनी शिवलेली गोधडी एका परदेशी क्विल्ट शोसाठी भरली होती. ज्युरीनं फोटोंवरच नाकारली. ईमेलमध्ये एवढंच, की प्रवेशिका खूप आल्या, यंदा निवड झाली नाही. कारण नाही. माप 60 बाय 72 इंच. वर जुन्या सुती लुगड्यांची ठिगळं, मध्ये दोन जुन्या साड्या, खाली मांजरपाट, सगळा हाताचा धावदोरा. फोटो तीन: एक पूर्ण, दोन जवळून. बाया म्हणतात टाके मोठे पडले म्हणून गेली, उसवून बारीक घालू. उसवायची का? आणि त्यांचा हिरमोड झालाय, त्यांना काय सांगायचं?

मांजरपाट
एक टाकाही उसवू नका. निवड आणि बक्षीस ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेत केंटकीतल्या पडूका गावी 1985 मध्ये सुरू झालेल्या एक्यूएसच्या (अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी) शोमध्ये आधी फोटो पाहून निवड होते. निवडलेल्या क्विल्ट तिथं पोचल्या की मग परीक्षक कोपरे, गोट, पाठीमागच्या गाठी बघतात. तुमचं काम त्या दुसऱ्या पायरीपर्यंत गेलंच नाही. टाक्याची लांबी हे कारण असण्याची शक्यता म्हणूनच कमी.

आधी पाठवलेला पूर्ण फोटो मोबाइलवर नाही, संगणकावर उघडा आणि बघा:

चारही कडा दिसतात का? पुष्कळ शो ही अट घालतात आणि नेमकी तीच मोडते. झेरॉक्सच्या दुकानात "साइज कमी करून द्या" म्हटलं की तिथला मुलगा कडा छाटतो आणि वरून रंग भडक करतो. व्हॉट्सअॅपवरून त्याच्याकडे फोटो गेला असेल तर तो आधीच दाबला गेलेला असतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गोधडी वर निमुळती आणि खाली रुंद दिसते का? म्हणजे मोबाइल छातीशी धरून खालून वर काढलाय. लेन्स गोधडीच्या मध्यबिंदूच्या उंचीवर हवी. 10-12 फूट मागे जाऊन दुप्पट झूम करा, जवळ उभं राहून वाइडनं काढला की कडा फुगतात. स्क्रीनवर चौकटीच्या रेघा चालू ठेवा आणि वरची कड त्यांना समांतर येईपर्यंत हलू नका.

भिंत कोणत्या रंगाची? आपल्याकडे हिरव्या-गुलाबी भिंती, आणि त्यांची झाक पांढऱ्या मांजरपाटावर उतरते. मागे पांढरी चादर ताणून लावा. उन्हात काढू नका, लिंबाखाली तर नाहीच, पानांचे कवडसे ठिगळांसारखे दिसतात. सकाळी 8 च्या सुमाराला ओसरीत, ऊन थेट येत नाही अशा बाजूला. फ्लॅश बंद.

जवळचे फोटो मात्र याच्या उलट: दाराशी, उजेड एका बाजूनं तिरपा यायला हवा. समोरून उजेड पडला की धावदोऱ्याचा उठाव सपाट होतो, आणि हाताच्या गोधडीत दाखवायचं ते तेवढंच असतं.

वऱ्हाडी_ठिगळ
काहून उसवता बाप्पा! उसवलेल्या जुन्या लुगड्याले भोकं राह्यतात, मंग ते दुसऱ्यांदा टाका धरत नाई.

मले सांगा, फॉर्मात प्रकार कोणता भरला? हातशिलाईचा गट वेगळा असला अन् तुम्ही सरसकट गटात टाकली, त तुमची गोधडी मोठ्या मशिनीवरच्या कामाच्या बाजूले बसते. तिथं ते तासलेलं काम पाहतात. ओहायोतल्या क्विल्ट नॅशनलसारखा शो असला, 1979 पासूनचा, त त्याइले स्वतःच्या कल्पनेची नवी कलाकृती पाह्यजे. परंपरेच्या नमुन्याची गोधडी तिथं धाडली म्हणजे फी गेलीच समजा, काम कितीही गोड असो.

दुसरं, तीन थरांचा मुद्दा. बहुतेक नियमांत वरचं कापड, मधातलं भरण अन् पाठ असे थर मागतात. आपल्या गोधडीत कापसाचं नाई, त साड्याचं भरण असते. फोटोत ते दिसत नाई, अन् पाहणाऱ्याले वाटते दोनच कापडं जोडली. म्हणून वर्णनात साफ लिहाव: "मधला थर दोन जुन्या सुती साड्यांचा, तिन्ही थर धावदोऱ्यानं एकत्र शिवलेले."

अन् कोपऱ्यात नाव काढलं असन त सांगजा. पुष्कळ ज्युरी नाव झाकून निवडतात, फोटोत नाव दिसलं की प्रवेशिका बाद होऊ शकते.

बायाइले सांगजा, हॉलच्या भिंती मोजक्या असतात, अन् निवड करणारे एकमेकांशेजारी शोभतील असे नग उचलतात. चांगला नगही त्यात राह्यतो. फक्त हे सांगून थांबू नका, पुढचा फॉर्म कधी भरायचा तेही सांगा. नाईतर गावात "बक्षीस भेटलं का?" विचारणारेच त्याइचं डोकं खातात.

वर्धाकाठ
फोटोबद्दल मांजरपाटशी सहमत, पण गोधडीच वाकडी असेल तर चांगला फोटो ते आणखी स्पष्ट दाखवतो. सपाट फरशीवर पसरा आणि टेपनं कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही माप घ्या. 60 बाय 72 ला दोन्ही कर्ण सुमारे 93 पूर्णांक 3 चतुर्थांश इंच यायला हवेत. फरक अर्ध्या इंचात असेल तर सोडून द्या.

चौघींच्या हाताचंही तपासा. टाका मोठा असला तरी चालतो, पण एकीचा ताण घट्ट आणि दुसरीचा सैल असेल तर जवळच्या फोटोत पट्टे दिसतात. घट्ट भागात कापड आकसतं, सैल भागात फुगतं. पुढच्या गोधडीत एकेक कोपरा वाटून घेऊ नका. प्रत्येकीनं एक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत घालायची आणि ओळी आळीपाळीनं, मग फरक सगळीकडे सारखा मुरतो. सुई आणि दोरा चौघींचा एकाच नंबरचा.

सुईदोरा_दारव्हा
मोजलं. एक कर्ण साडेब्याण्णव, दुसरा 95. बाजूंची मापं बरोबर आहेत. भिंत हिरवीच होती. आणि हो, उजव्या कोपऱ्यात गटाचं नाव लाल दोऱ्यानं काढलंय.

वर्धाकाठ
बाजू बरोबर आणि कर्ण वेगळे, म्हणजे गोधडी तिरकी ओढली गेलीय. ओली करून सरळ होते.

आधी रंग तपासा. पांढरा कपडा ओला करून प्रत्येक लाल आणि गडद ठिगळावर घासा, त्या नावाच्या दोऱ्यावरही. रंग उतरला तर ओली करू नका, शोचा विचार सोडून जशी आहे तशी वापरा. नाही उतरला तर दोन गाद्या शेजारी टाकून वर स्वच्छ चादर घाला, फवाऱ्यानं गोधडी सारखी ओलसर करा, टपकेपर्यंत नको. ज्या कोपऱ्यांमधलं अंतर साडेब्याण्णव भरलं ते दोन कोपरे दोघींनी धरून हळू बाहेर ओढा. कर्ण जुळले की दर 3 इंचांवर टाचण्या. टाचण्या न गंजणाऱ्या, नाहीतर कडेला तपकिरी डाग. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. उन्हात नको, वरचा थर आधी वाळून कडा वळतात. पावसाळ्यात हे काम काढूच नका, मधल्या साड्या दमट राहून वास धरतात.

टांगायची नळी लावलीय का? नसेल तर 9 इंच रुंद, 60 इंच लांब पट्टी. दोन्ही टोकं एकेक इंच मुडपा, लांबीत दुमडून अर्धा इंच शिलाई, 4 इंचाची नळी होते. पाठीला वरच्या कडेच्या अर्धा इंच खाली हातानं टाचा, सुई पाठीतून आणि मधल्या थरातूनच जायला हवी. नळीत थोडा फुगा सोडा, नाहीतर काठी घातल्यावर पुढून आडवा उंचवटा दिसतो.

मांजरपाट
नावावर त्याच लुगड्याच्या कापडाचं छोटं ठिगळ कच्च्या टाक्यानं लावा, फोटो झाले की काढा. नाव पाठीवर स्वतंत्र लेबलवर असू द्या. आणि फॉर्म भरण्याआधी काम पूर्ण केल्याच्या तारखेची अट वाचा. पुष्कळ शो गेल्या दोन-तीन वर्षांतलंच काम घेतात, तुमची गोधडी किती जुनी धरायची ते त्यावरून ठरेल. ज्युरीचा शेरा मिळतो का हेही एकदा ईमेलनं विचारा. देत नसतील तर तसं कळवतील. वाद मात्र घालू नका.