शब्दचर्चा : ‘डेमलो’ संख्या

प्रश्न : मुलीने वहीत १२३४५६७८९८७६५४३२१ लिहून शेजारी ‘डेमलो संख्या’ असं लिहिलंय. हा शब्द कुठला? मला तर इटालियन वाटतोय.

गणितवाला : इटालियन कसला, जीआयपी (म्हणजे आजच्या मध्य) रेल्वेचा! द. रा. कापरेकर (१९०५–१९८६), देवळालीचे शाळामास्तर. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली म्हणून हे नाव, असं सांगतात. संख्येचे तीन तुकडे करायचे. पहिला आणि शेवटचा मिळवला की मधलाच अंक पुन्हापुन्हा यायला हवा. १६५ घ्या : १ + ५ = ६, मध्ये ६. तुमच्या संख्येत मध्ये ९ आहे, आणि १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. शिवाय ती १११११११११ चा वर्ग. अशा वर्गांना कापरेकर ‘वंडरफुल डेमलो’ म्हणत.

डोंबिवलीकर : तीन पिढ्या इथेच गेल्या. आजी ‘डोंबोली’ म्हणायची, ‘डेमलो’ कधी कानावर आलं नाही. इंग्रजी स्पेलिंगची करामत असेल. पण गर्दीशिवाय दुसऱ्या कशाला तरी आमच्या स्टेशनाचं नाव आहे, हे वाचून बरं वाटलं.

शब्दवेडी : कापरेकरांचाच दुसरा शब्द मला जास्त आवडतो : हर्षद. हर्ष देणारा तो हर्षद; वरद, सुखद यांतला ‘द’. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. वरच्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागल्यावर येतात १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ही डेमलोही आणि हर्षदही. मात्र संख्या स्त्रीलिंगी, मग ‘हर्षदा’ का नाही?

गणितवाला : ‘मूळ संख्या’, ‘सम संख्या’ म्हणतो तसंच. हर्षदा म्हटलं तर वर्गातल्या दोघीतिघी मागे वळून बघतील.

प्रश्नकर्ता : आणि ही वाचायची कशी? कोटीच्या पुढे माझी गाडी अडते.

शब्दवेडी : अर्बुद (म्हणजे दहा कोटी), अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातला हाच क्रम. संख्या सतरा अंकी, म्हणून डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ स्थानी येतो. टोकाला बसलेल्याला मध्य म्हणायचं आणि ‘अंत्य’ त्याच्याही आधी! बोलताना कोणी एवढं म्हणत नाही. एकेक अंक वाचा, तोंडपाठच आहेत.

प्रश्नकर्ता : मुलीने आता दहा एकांचा (११११११११११ चा) वर्ग केला. आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब. चुकली का?

गणितवाला : बरोबर आहे तिचं. नऊ एकांपर्यंत हातचा येत नाही. इथे मधल्या घरात १० होतात. त्यातला हातचा १ शेजारच्या ९ ला दिला की तिथेही १०. तो हातचा पुढे ८ ला, आणि ८ चा झाला ९. तिला उभा गुणाकार मांडून बघायला सांगा, हातचा सरकताना दिसेल.