मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकलंय, पण 'दुसऱ्या' उमटेना

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

सांगलीला आईबाबांकडे २०१३ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क. त्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, तशा स्क्रीनवर सूचना यायला लागल्या आणि बाबांना वाटलं व्हायरस शिरला. दुरुस्तीवाला आला, "काका, आता नवीनच घ्या" म्हणाला आणि दोनशे रुपये घेऊन गेला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे आमचं मशीन पाच पिढ्या मागे. पण बिघडलेलं काहीच नाही हो त्यात! बाबा अजून रोज सकाळी अंघोळ झाली की त्यावरचं कापड काढून, घडी घालून बाजूला ठेवतात आणि मगच बटण दाबतात.

मी बंगळुरूला असते, बँकेत आहे, कॉम्प्युटरमधलं कामापुरतं कळतं. दिवाळीला पाच दिवस घरी गेले होते. पेनड्राइव्हवर उबुंटू २४.०४ घेतलं (लिनक्सचाच एक प्रकार, विंडोजऐवजी चालणारी यंत्रणा), इन्स्टॉल न करता आधी तसंच चालवून पाहिलं. यूट्यूब लागलं, आवाज आला, म्हटलं झालं काम. विंडोज तसंच ठेवून शेजारी उबुंटू टाकलं. भाऊबीजेच्या रात्री गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू.

आईची तक्रार एकच. तिला कीर्तनं, नातवाचे फोटो आणि वीजबिल एवढंच लागतं. पण फायरफॉक्सवर क्लिक केल्यापासून ते उघडेपर्यंत कुकरची एक शिट्टी होते म्हणे. एकदा उघडलं की बरं चालतं.

बाबांचं अवघड आहे. ते सोसायटीचे सचिव. इतिवृत्तं, नोटिसा, थकबाकीची पत्रं, सगळं मराठीत, आणि तेही कीबोर्डकडे न बघता, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या ठरलेल्या कळमांडणीवर. मी कीबोर्डच्या यादीत देवनागरी दिसलं ते निवडून दिलं होतं, 'हिंदी बोलनागरी'. त्यात इंग्रजी कळीच्या उच्चाराप्रमाणे अक्षर येतं. पहिलाच फोन: "अगं, 'प' मारतो तर 'ह' येतो, 'त' मारतो तर 'ल' येतो. सोसायटीची पत सगळी हल झालीये." मग फोनवरूनच यादीतलं दुसरं निवडायला लावलं. आता अक्षरं जागेवर आहेत, पण 'दुसऱ्या', 'पायऱ्या' काही केल्या उमटत नाही, य वर रफार चढतो. स्नेहसंमेलनाच्या हिशेबात 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम' लिहायचं होतं, ते 'आचार्यांना आगाऊ रक्कम' झालं. बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी ते छापायलाच नकार दिला. पूर्वी ज्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचे त्यात या र साठी वेगळी कळ होती म्हणतात.

शिवाय २००८ पासूनच्या जुन्या नोटिसांच्या फाइल उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. प्रिंटर सापडतो, पण छपाई सोडली की नारिंगी दिवा लुकलुकत बसतो आणि कागद येत नाही. आणि कधी विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे! आईला वाटतंय मी काहीतरी मोडलंय.

तर प्रश्न असा, की उबुंटूच ठेवू, की मिंट, झोरिन वगैरे दुसरं लिनक्स घ्यावं? आणि एक विनंती. टर्मिनलमध्ये टाइप करायच्या आज्ञा शक्यतो नकोत. त्या मला बाबांना फोनवर एकेक अक्षर सांगाव्या लागतात. परवा "डॅश दे" म्हटलं तर त्यांनी विचारलं, संयोगचिन्ह की अपसारणचिन्ह.

आधीच धन्यवाद.

प्रतिसाद १

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सत्तरीच्या माणसाचे हात एका गोष्टीवर बसलेले असताना कशाला हा उपद्व्याप? विंडोज १० ला घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ मिळते, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती घ्या, वर्षभरात बजेट जमवा, नवीन मशीन घ्या.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात तथ्य आहे, पण वर्षभराने हाच धागा पुन्हा निघेल. म्हणून आत्ताच सोडवू.

तुमचा अर्धा त्रास उबुंटूचा नाही, हार्ड डिस्कचा आहे. उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप नावाच्या पॅकेजमध्ये येतं. म्हणजे फायरफॉक्स आणि त्याला लागणारं बरंचसं सामान एकाच दाबलेल्या गठ्ठ्यात बांधलेलं असतं आणि पहिल्यांदा उघडताना तो गठ्ठा डिस्कवरून वाचावा लागतो. एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) ते जाणवत नाही, जुन्या फिरत्या डिस्कवर कुकरची शिट्टी होते. लिनक्स मिंटने स्नॅप मुद्दाम बाहेर ठेवलंय, तिथे फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये मिळतं.

तेव्हा माझं मत: मिंट २२, एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. आतून ते उबुंटू २४.०४ च आहे, अपडेट २०२९ पर्यंत येतील. दिसायला थोडं जुनाट, पण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे बाबांना नवीन काही शिकावं लागणार नाही. सिनॅमन आवृत्ती जास्त देखणी आहे, पण ४ जीबीत यूट्यूबचे चार टॅब उघडल्यावर देखणेपण उरत नाही. झोरिन वाईट नाही. पण मिंटच्या अडचणींवर उत्तरं लगेच सापडतात, आणि फोनवर निस्तरणार तुम्ही आहात. खरं तर तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही पेनड्राइव्हवरून तेच चालवून बघत जा, म्हणजे बाबा "डावीकडचं हिरवं" म्हणतील तेव्हा तुम्हाला दिसेल.

पण त्याआधी एसएसडी. सर्वांत लहान क्षमतेची साधी साटा जोडणीची एसएसडीसुद्धा पुरेल. आणि जुनी डीडीआर-३ रॅमची ४ जीबीची पट्टी मिळाली तर सोन्याहून पिवळं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्याही जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. जुनी डिस्क फेकू नका. 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममध्ये तिची तब्येत कळते, ठीक असेल तर फोटोंसाठी आतच राहू द्या.

आणखी एक. मिंट टाकलं की पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा. काही बिघडलं तर यंत्रणा कालच्या स्थितीत परत नेता येते. फायली त्यात येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी काढावी लागते.

प्रतिसाद ३

मी आर्च (सगळं हाताने जुळवायचं, जाणकारांचं लिनक्स) वापरतो, काकांनाही शिकवा, मेंदू तल्लख राहील.

प्रतिसाद ४

वरच्या आर्चवाल्या भावाला त्याच्या सासऱ्यांकडे एक महिना राहायला पाठवा.

आता कामाचं. मी डीटीपी करतो, त्यामुळे टायपिंगबद्दल बोलतो.

बाबांचं काही चुकत नाहीये आणि लिनक्सचंही नाही. युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत) र, हलंत, य असं दिलं की रफारच होणार, सूर्य आणि आचार्य तसेच लिहिले जातात. आपल्या मराठीतला तो चंद्रकोरीसारखा र हवा असेल तर मूळ अक्षरच वेगळं घ्यायचं, नुक्त्याचा ऱ. इनस्क्रिप्टवर तो र च्याच कळीवर आहे, शिफ्ट दाबून. म्हणजे 'ऱ्या'साठी: शिफ्ट धरून जे, शिफ्ट सोडून डी, मग य ची कळ, मग काना. बाबांना "शिफ्टचा र, पाय मोड, य, काना" एवढं सांगा, त्यांच्या बोटांना बाकीचं माहीत आहे. हिंदीत हा र लागत नाही, त्यामुळे हिंदीवाल्यांच्या सूचना वाचून हे कधीच सापडत नाही, मी स्वतः दोन दिवस घालवलेत.

यादीत 'मराठी' खाली इनस्क्रिप्ट शोधून तेच ठेवा आणि बोलनागरी काढून टाका, नाहीतर चुकून बदललं की पुन्हा पत हल होईल. भाषा बदलायची कळजोडीही बाबांना सवयीची असेल तीच लावून द्या, सेटिंगमध्ये निवडता येते.

जुन्या नोटिसांचं: त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्ट नसला की ती उघडी पडतात. विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधून ती फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, मिंटमध्ये तिच्यावर दोनदा क्लिक करून इन्स्टॉल म्हणा, लिब्रेऑफिस (लिनक्सवरचं वर्डसारखं) बंद करून पुन्हा उघडा. बाबांकडे त्या सॉफ्टवेअरचा परवाना असेल तर तो प्रश्न नाही. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच लिहा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं तपासून घ्यावी लागतात.

आणि हो, विंडोज पुसायच्या आधी हे फॉन्ट काढून घ्या. आधी. आमच्या एका गिऱ्हाइकाने उलट क्रमाने केलं होतं.

प्रतिसाद ५

प्रिंटरचं मी सांगते, आमच्याकडे हेच झालं होतं. इन्स्टॉल करताना भाषा 'इंग्रजी, अमेरिका' ठेवलीत का? मग कागदाचा आकार 'लेटर' धरला जातो. ट्रेमध्ये ए-फोर, मागणी लेटरची, म्हणून प्रिंटर बिचारा लेटर कागदाची वाट बघत दिवा लुकलुकवतो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए-फोर करा, लिब्रेऑफिसच्या पानाच्या मापातही बघा. पुढच्या वेळी इन्स्टॉल करताना 'इंग्रजी, भारत' निवडा.

घड्याळाला कोणी हात लावला नाहीये. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लिहितं. फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. विंडोज राहणार नसेल तर हा प्रश्नच मिटला. राहणार असेल तर घड्याळाखेरीज आणखी एक करा, विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्सला डिस्कच्या विंडोजवाल्या विभागात काही लिहिता येत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. (आर्चवाल्या भावाचेही, बाबा वाचून खूप हसले.)

काल मिरजेहून आतेभाऊ आला होता. आधी फॉन्ट आणि बाबांचं सगळं दप्तर पेनड्राइव्हवर काढून घेतलं. मग एसएसडी बसवून मिंट टाकलं. टेबलाजवळच्या वायफायच्या डोंगलला ते ओळखेचना. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट दिलं, सगळे अपडेट घेतले, मशीन पुन्हा सुरू केलं आणि डोंगल आपोआप चालू झालं. कोणाला अडलं तर हे लक्षात ठेवा, मोबाइलच्या केबलवर इंटरनेट लगेच मिळतं.

फायरफॉक्स आता शिट्टीच्या आत उघडतं. दिवा लुकलुकायचा थांबला, कागदाचाच घोळ होता. जुन्या नोटिसा दिसतात, फक्त २०११ ची एक फाइल अजून खिचडीच आहे, तिचा फॉन्ट वेगळा असावा. विंडोजची जुनी डिस्क अजून पुसलेली नाही, कपाटात ठेवली आहे, बाबांनी त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे.

संध्याकाळी बाबांनी मला ईमेल पाठवला. मजकूर एवढाच: 'तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या, आचाऱ्यांचा हिशेब, कोपऱ्यातल्या कुंड्या.'

आता फक्त प्रिंटरचा स्कॅनर राहिलाय. त्याच मशीनमध्ये आहे, छपाई होते पण स्कॅनच्या प्रोग्रॅममध्ये तो दिसतच नाही. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?