पिकअपची उंची वाढवावी का? काळ्या मातीतील पाणंदीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमची शेती दक्षिण सोलापूर तालुक्यात, मंद्रूपच्या पुढे भीमेच्या अंगाला आहे आणि आम्ही राहायला सोलापुरात, विजापूर रस्त्याला आहोत. २०१७ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर-बाय-फोर, मी तीन वर्षांपूर्वी वापरलेली विकत घेतली. आठवड्यातून तिच्या चार-पाच फेऱ्या होतात. महामार्गावर गाडीची काहीही तक्रार नाही. सगळी अडचण डांबरी रस्ता सोडल्यानंतरच्या शेवटच्या दोन किलोमीटरच्या पाणंदीची आहे आणि केवळ त्या दोन किलोमीटरसाठी गाडीचे सस्पेन्शन उंच करून घ्यावे की नाही, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आधी पाणंदीविषयी सांगतो, कारण तिच्यावरच सर्व अवलंबून आहे. परतीचा पाऊस पुरता ओसरण्याआधीच ऊसतोड सुरू होते आणि त्या ओल्या वाटेने ट्रॅक्टर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत नेतात. त्यांच्या चाकांनी दोन्ही बाजूंना वीतभर खोल चाकोऱ्या पडतात आणि मधोमध वरंबा उभा राहतो. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, त्यामुळे पावसात हा वरंबा लोण्यासारखा असतो आणि महिनाभराने दगडासारखा होतो. रस्ता पक्का व्हावा म्हणून आम्ही शेजारच्या शेतकऱ्यांसह मातोश्री ग्रामसमृद्धी पाणंद रस्ते योजनेखाली अर्ज दिला आहे. परंतु तो होईपर्यंत माल तर काढावाच लागेल. कोरड्या दिवसांत एक बाजूची चाके वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची काठावर ठेवून गाडी नेता येते, पण ओल असताना ती काठावरून घसरून पुन्हा चाकोरीतच बसते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये डाळिंबाचे तीस क्रेट हौद्यात होते. साधारण सहाशे किलोंचा भार असेल. एका वळणापाशी मागून खरवडल्याचा लांब आवाज आला आणि गाडी जागीच थांबली. लो रेंज (फोर-बाय-फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाकूनही मागचे एक चाक नुसते फिरत राहिले. खाली उतरून, गुडघ्यावर बसून हात घातला, तेव्हा मागील डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा वरंब्यात रुतलेला होता. त्याच्या मागे गवंड्याने थापी फिरवावी तशी गुळगुळीत चकचकीत नाळ मातीत उमटली होती आणि ऑइल काढण्याच्या प्लगच्या डोक्याच्या कडा घासून पांढऱ्या झाल्या होत्या. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने ओढून काढले. घरी आल्यावर सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीखाली फितीने मोजले, तर त्या प्लगखाली २१ सेंटिमीटर भरले. पाणंदीतील वरंबा चाकोरीच्या तळापासून काही ठिकाणी २४ सेंटिमीटर आहे.

त्यानंतर दोन गॅरेजमध्ये विचारणा केली. पहिल्या ठिकाणी पुढच्या स्प्रिंगवर ५० मिलिमीटरचा स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) आणि मागे लांब शॅकल (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, म्हणजे पाट्याचे, टोक चासीला जोडणारी कडी) बसवून देतो, अर्ध्या दिवसाचे काम आहे, असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी मागील पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन इंचांचा लोखंडी ठोकळा घालण्याचे सुचविले. गाडी दोन इंच उठेल, असे दोघेही खात्रीने म्हणाले. मात्र मी स्वतः ताडपत्री अंथरून गाडीखाली पडून पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी दोघांपैकी कोणीही बोलले नव्हते. आमच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे पुढचे डिफरन्शियल चासीला बांधलेले आहे आणि चासी उचलली की तेही उचलले जाते. मागे मात्र अखंड अ‍ॅक्सल आहे आणि डिफरन्शियलचा गोळा त्याच अ‍ॅक्सलचा भाग आहे. अ‍ॅक्सल चाकांवर उभा असतो, स्प्रिंगवर नाही. म्हणजे पाटे कितीही उंच केले, तरी जो भाग प्रत्यक्षात वरंब्याला घासतो, तो एक मिलिमीटरनेही वर जाणार नाही. हे माझे म्हणणे बरोबर आहे ना, एवढे कृपया आधी कोणीतरी सांगावे.

ते बरोबर असेल, तर मागील उंची फक्त टायरच्या व्यासाने वाढते. सध्या २४५/७० आर १६ मापाचे टायर आहेत, त्यांचा व्यास हिशेबाने सुमारे ७४९ मिलिमीटर येतो. २६५/७० आर १६ घेतले तर व्यास सुमारे ७७७ होतो, म्हणजे अ‍ॅक्सल त्याच्या निम्मा, १४ मिलिमीटर वर जाईल. २६५/७५ आर १६ घेतल्यास २७ मिलिमीटर मिळतील, पण एवढा टायर मडगार्डच्या आत न घासता फिरण्यासाठी सस्पेन्शन उचलावेच लागेल आणि स्पीडोमीटर सुमारे सात टक्के कमी दाखवील. काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६४ च्या वेगाने धावेल. गिअरवर येणारा ताण आणि डिझेलचा खर्च वाढेल तो वेगळाच.

पुढच्या स्पेसरविषयी माझी भीती एका प्रत्यक्ष उदाहरणामुळे आहे. शेजारच्या गावातील एका परिचितांनी आपल्या पिकअपला, तिलाही पुढे माझ्या गाडीसारखेच सस्पेन्शन आहे, एका गॅरेजमधून ५० मिलिमीटरचा स्पेसर घालून घेतला. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरची जोडी) चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसलेला असल्यामुळे, स्पेसरच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट उंची चाकापाशी मिळते. ५० मिलिमीटर उंची हवी असेल तर स्पेसर २५ च्या आसपासचाच लागतो. त्यांची गाडी चार इंच उठली. दिसायला उमदी दिसत होती, पण चार महिन्यांत ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटले, आत माती गेली आणि वरच्या आर्मचे बॉल जॉइंट खिळखिळे झाले. टायर आतल्या कडेने तासल्यासारखे झिजले. शाफ्ट आणि आर्म सतत तिरक्या कोनात राहिल्याचा आणि चाकांचे कोन बिघडल्याचा हा परिणाम असल्याचे त्यांना नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी दाखवून दिले. त्यांचा झालेला खर्च पाहिल्यापासून मी फार सावध झालो आहे.

मागच्या बाजूचे दोन्ही उपायही मला पटलेले नाहीत. लांब शॅकलने तिच्या वाढीव लांबीच्या निम्मीच उंची मिळते आणि अ‍ॅक्सल किंचित फिरल्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलतो. ठोकळ्याने पूर्ण उंची मिळते, परंतु पाटा आणि अ‍ॅक्सल यांतील अंतर वाढल्यामुळे, भार घेऊन चिखलातून जोर लावताना पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळवटतो. शिवाय यू-बोल्ट लांब आणि नवेच घालावे लागतात. जुन्या पिकअपना भारानुसार मागील ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांच्याबाबतीत तर आणखी एक धोका आहे: चासी उचलली की तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असे समजतो आणि भरलेल्या गाडीचेही मागचे ब्रेक कमी लागतात.

कायद्याची बाजूही विचारतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, आणि परवानगीबाहेरच्या बदलासाठी कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास आहे. सोलापूर-विजापूर रस्त्यावर रोज एमएच १३ च्या कितीतरी उंच केलेल्या गाड्या दिसतात, पण अपघात झाला आणि विमा कंपनीने बदलावर बोट ठेवले, तर त्यांचे उदाहरण मला उपयोगाचे नाही. कोणी विमा कंपनीला आधी लेखी कळवून असे काम केले असल्यास, काय उत्तर मिळाले ते कृपया लिहावे.

प्रतिसादांनंतरची भर : आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. अ‍ॅक्सलबाबतचे माझे म्हणणे बरोबर असल्याचे तिघांनी सांगितले. एका सदस्यांनी, उंची वाढविण्याआधी मूळ उंची शिल्लक आहे का ते पाहा, असे सुचविले होते. त्याप्रमाणे रविवारी चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजले. मागे डावीकडे उजवीपेक्षा १८ मिलिमीटर कमी भरले आणि त्याच बाजूच्या मुख्य पाट्याची कमान जवळजवळ सपाट झालेली दिसली. भार नेहमी डाव्या फळक्याला लावण्याची आमच्या माणसांची सवय आहे, हे तेव्हा प्रथमच माझ्या ध्यानात आले. भरलेली गाडी मागून एवढी का बसते, याचे कारण मला नव्या ठोकळ्यात शोधण्याऐवजी जुन्या पाट्यात शोधायला हवे होते.

त्यामुळे स्पेसर, लांब शॅकल आणि ठोकळा हे तिन्ही विचार सोडले आहेत. मागे दोन्ही बाजूंचे पाटे, बुश आणि यू-बोल्ट नवे घालीन, टायर २६५/७० आर १६ मापाचे, रुंद खाचांचे मड-टेरेन घेईन, कारण सध्याच्या टायरच्या बारीक खाचा दहा पावलांतच काळ्या मातीने भरून सपाट होतात. डिफरन्शियलखाली पोलादी संरक्षक पट्टी बसवण्याचे एका सदस्यांनी सुचविले आहे. पण तिची जाडी मिळालेल्या १४ मिलिमीटरमधूनच वजा होणार असल्याने ती सध्या नको असे वाटते. मागील डिफरन्शियलला लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरायला लावणारी यंत्रणा) बसवण्याची सूचना मात्र मला सर्वांत मोलाची वाटली, कारण त्या दिवशी एकच चाक फिरत होते आणि दुसरे स्वस्थ होते.

आता दोनच शंका उरल्या आहेत. पुढच्या मूळ स्प्रिंग आणि मूळ आर्म तशाच ठेवून २६५/७० आर १६ टायर बसवले, तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ते आतील प्लास्टिकला किंवा चासीला घासतात का, हे याच गाडीवर करून पाहिलेल्या कोणी सांगू शकेल का? आणि सोलापुरात कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) व कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) या दोन्हींचे आकडे छापून देणारे अलाइनमेंट केंद्र कोणाच्या माहितीत आहे का? मी विचारलेल्या दोन्ही ठिकाणी फक्त टो (चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळली आहेत ते) पाहून गाडी परत देतात.