योजनेचं नाव माहीत आहे, पुढचं नाही

‘जाहिराती वाढवल्या की लोक आपोआप आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विमा योजनेकडे वळतील’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. आयुष्मान कार्डाचं नाव आता बहुतेकांच्या कानावर आहे, अडतं ते पुढे. आयुष्मानच्या आधीच्या, २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत नोंदणीचं शिबिर गावात लागायचं, ३० रुपये भरले की स्मार्ट कार्ड हातात पडायचं. संरक्षण वर्षाला जेमतेम ३०,००० रुपयांचं, पण आपला विमा आहे हे घरात ठाऊक असायचं. २०१८ च्या आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, मात्र पात्र कुटुंबं सुरुवातीला मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून ठरली. वेगळी नोंदणीच नव्हती, त्यामुळे आपण यादीत आहोत हे अनेकांना आजारपण येईपर्यंत कळायचंच नाही.

आणि काय मिळत नाही, हे तर कोणीच सांगत नाही. आमच्या शेजारच्या मावशी कार्ड घेऊन बीपीच्या गोळ्यांसाठी खासगी दवाखान्यात गेल्या, पैसे भरावे लागले. तेव्हापासून त्यांना ते कार्ड बिनकामाचं वाटतं. योजना दवाखान्यात भरती झालेल्यांसाठी आहे, साध्या ओपीडीसाठी नाही. निदान ‘पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला (योजनेतल्या दवाखान्यातल्या मदतनिसाला) भेटा’ एवढं आशाताईंकरवी घरोघर पोचवा, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्या.