चेक इंजिनचा दिवा, कोड पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी काय तपासावे?

खाडीकाठ (मालवण)
माझी २०१४ सालची पेट्रोल गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्यावर उभी असते. पावसाळा सरल्यापासून चेक इंजिनचा दिवा लागलेला असून स्कॅनरवर पी०४२० हा कोड येतो. कन्व्हर्टर (इंजिनचा धूर शुद्ध करणारा, एक्झॉस्ट पाइपमधला डबा) निकामी झाला आहे, तो नवा बसवावा किंवा आतली जाळी काढून रिकामा डबा पुन्हा जोडावा, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. पिकअप पूर्वीसारखाच आहे. मात्र सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर खालून फट्‌फट् आवाज येतो आणि इंजिन तापले की तो थांबतो. एवढा खर्च करण्याआधी काय पाहावे?

देवरुखी
तो आवाजच आधी तपासावा, असे माझे मत आहे. पी०४२० कन्व्हर्टरकडे बोट दाखवतो खरा, पण तो निष्कर्ष मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावरून काढलेला असतो. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी गाडीतला संगणक इंधन सतत किंचित कमी-जास्त करतो, त्यामुळे पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये हेलकावत राहतो. कन्व्हर्टरमधील सिरियम ऑक्साइड जादा ऑक्सिजन साठवून गरजेप्रमाणे सोडत असल्याने मागचा सेन्सर बराचसा स्थिर असायला हवा. तोही पुढच्यासारखा नाचू लागला की हा कोड उमटतो. परंतु पाइपला गळती असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमधल्या क्षणी दाब उतरून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि कन्व्हर्टर धडधाकट असूनही वाचन बिघडते.

खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे फ्लँजचे (पाइपच्या सांध्यावरील कड्याचे) बोल्ट आणि गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी चकती) आधी जातात. थंड असताना उघडी राहणारी फट धातू तापून फुगला की बुजते, म्हणूनच आवाज थांबत असावा. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसतो का, ते पाहावे.

सड्यावरचा
वरील मताशी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. गळती सापडली नाही, तर प्लग, इग्निशन कॉइल आणि इंजिन ऑईल पिते का, हे पाहिल्याखेरीज नवा कन्व्हर्टर बसवू नये. मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळे) न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि सिरॅमिकची जाळी वितळते, तर ऑईलमधला फॉस्फरस तिच्यावर थर धरतो. मूळ दोष राहिला तर नव्याचीही तीच गत होईल.

जाळी काढण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नये. जाळी नसेल तर मागचा सेन्सर पुढच्याचीच नक्कल करणार, म्हणजे ज्या दिव्यासाठी हा खटाटोप तो पेटलेलाच राहणार. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तशीच हवेत जातील. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते व भंगारात तिला चांगला भाव मिळतो, तेव्हा काढलेली जाळी कोणाकडे राहणार, हेही विचारून पाहावे!

खाडीकाठ (मालवण)
पुढच्या पाइपच्या फ्लँजवर काजळी दिसली आणि एक बोल्ट गंजून अर्धाच उरला आहे. गॅस्केट बदलताना दोन्ही सेन्सरही बदलून टाकावेत का?

देवरुखी
सध्या नकोत. गॅस्केट आणि बोल्ट बदलून, कोड पुसून, गाडी काही दिवस घाटरस्त्यावर व गावात दोन्हीकडे चालवावी आणि मग स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे आलेख शेजारी शेजारी पाहावेत. पुढचा सेन्सर सुस्तावलेला दिसला तरच तो बदलावा. सेन्सर गंजून बसला असेल तर गंज सोडवणारे तेल मारून काही तास ठेवावे, कारण जोर लावल्यास पाइपचे आटे जातात. गळती बुजवायला साधा सिलिकॉन मात्र लावू देऊ नये; त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसून तो कायमचा निकामी होतो.