अमळनेर ते पंढरपूर, इलेक्ट्रिक स्कूटरवर, मागे आई. जमेल का भो?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. दरवर्षी आषाढीला आमची आई दिंडीत जाते, यंदा पाऊस लांबला, दुबार पेरणी करावी लागली त्या गडबडीत तिचं राहून गेलं. तेव्हापासून रोज सकाळी चहा पिताना एकच, कार्तिकीला तरी ने रे बाबा. कापसाची पहिली वेचणी उरकली की निघायचं म्हणतोय.

एसटीने जायचं तर दोनदा-तीनदा गाडी बदलायची आणि यात्रेची गर्दी, पेट्रोलची गाडी मागच्याच दिवाळीत विकली, आता घरात आहे ती इलेक्ट्रिक स्कूटर. बॅटरी ३.७ युनिटची. कंपनी सांगते दीडशे किमी, मला एकट्याला एकशेवीसच्या आसपास मिळतात, डबलसीट कधी नीट मोजलं नाही.

माझा प्लॅन असा की पहाटे निघायचं, अमळनेर-धुळे-मालेगाव एका चार्जमध्ये, मालेगावात जेवण आणि चार्जिंग, तिथून थेट शिर्डी मुक्काम. दुसऱ्या दिवशी नगरला चार्ज करून करमाळा, टेंभुर्णी आणि रात्रीपर्यंत पंढरपूर. एकूण साडेचारशे किमीच्या आसपास. दोन दिवसात होईल ना? चाळीसगाव-कन्नड घाट-संभाजीनगर-बीडकडून जावं असंही एकजण म्हणाला. कोणी गेलंय का असं? आईचं वय बासष्ट, गुडघे ठीक, पाठीचं अधूनमधून.

शेवभाजी_धुळेकर

भो, आधी तर जय हरी. दुसरं, कन्नडचा घाट सोडून दे, साडेचारशे किमीच्या प्रवासात सुरुवातीलाच बॅटरीला घाट चढवायला लावायचा आणि मागे म्हातारी बसवायची, कशाला? मनमाड-येवला-नगर बरा. बरा म्हणजे चढउताराच्या हिशोबाने बरा, रस्ता म्हणून कोपरगावपासून नगरपर्यंत खड्डे मोजत जायचं, तो रस्ता किती वर्षं दुरुस्त होतोय ते विठ्ठलालाच माहीत. आईच्या पाठीचं म्हणतोस ना, तिथेच कळेल.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, मागच्या हिवाळ्यात मी धुळ्याहून शिर्डीला गेलो होतो स्कूटरवर. एका ढाब्यावर शेवभाजी मागवली, गाडी बाहेर लावली आणि घरून आणलेलं स्वस्तातलं एक्स्टेन्शन जोडलं, पातळ वायरचं, टीव्हीला लावतात तसलं. भाकरी अर्धी खाऊन होतेय तोवर वास आला. प्लग वितळला होता, भिंतीतलं सॉकेटपण काळं. ढाबेवाला जे बोलला ते इथे लिहीत नाही. सॉकेटचे तीनशे दिले आणि उरलेली शेवभाजी पार्सल घेतली. म्हणून सांगतो वायर चांगली घे, बाकी इठोबा शे ना, टेन्शन ल्हेऊ नको.

वायरमन_चोपडा

बोरीकाठचा दादा, तुमच्या प्लॅनमध्ये दोन ठिकाणी गडबड आहे, रागावू नका.

पहिली गडबड किलोमीटरची. मालेगाव-मनमाड अडतीस, मनमाड-येवला सत्तावीस, येवला-कोपरगाव वीसेक आणि पुढे शिर्डी पंधरा, म्हणजे शंभर भरतात. डबलसीट, सामान आणि शंभर किमी, वर खड्डे चुकवताना मारलेले ब्रेक. शेवटचे दहा किमी तुम्ही आणि आई दोघं ढकलत न्याल, मग ती खरी पायी वारी होईल.

दुसरी गडबड चढाची. सगळे घाटाला घाबरतात पण न दिसणारा चढ कोणी मोजत नाही. आपलं खान्देश खाली आहे भाऊ, तापीचं खोरं. धुळं समुद्रसपाटीपासून साधारण अडीचशे मीटर, मालेगाव सव्वाचारशेच्या पुढे, मनमाड पावणेसहाशेच्या वर. रस्ता सपाट वाटतो पण गाडी वर चाललेली असते. गाडी, तुम्ही, आई आणि पिशव्या धरून अडीचशे-पावणेतीनशे किलो. धुळे ते मालेगाव एवढं वजन पावणेदोनशे मीटर वर न्यायला बॅटरीचे चार-पाच टक्के जातात, मनमाडपर्यंत आणखी तीन-चार. आकडा छोटा वाटतो, पण शेवटच्या दहा टक्क्यात गाडी स्लो मोडला जाते तेव्हा तेच चार टक्के आठवतात. येताना मात्र हेच उलटं, मनमाडपासून घरापर्यंत उतार मिळेल.

आता चार्जिंग. सोबत येतो तो चार्जर साधारण साडेसातशे वॅटचा असेल, बघून घ्या मागे लिहिलेलं असतं. त्याने तासाला अठरा-वीस टक्के. म्हणजे जेवणाच्या दोन तासात चाळीस किमीची सोय होते, पूर्ण नाही. साडेसातशे वॅट म्हणजे सव्वातीन अँपिअर, ते साध्या लहान सॉकेटवरपण चालतं पण सॉकेट घट्ट पाहिजे, ढिलं असलं की तिथे ठिणग्या आणि वितळणं, धुळेकर भाऊंचं तेच झालं असणार, वायरपण आणि सॉकेटपण. अडीच एमएमची तांब्याची तीन कोअर वायर दहा मीटर, चांगला टॉप प्लग, एवढं बनवून घ्या. मोठ्या पिनेचा चार्जर असेल तर एसी-गीझरचं सॉकेट शोधावं लागेल. अर्थिंग नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत, तेव्हा गाडी बिघडली म्हणून घाबरू नका, दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा.

पंपावर चार्जिंगचा बोर्ड दिसला म्हणून तिथल्या भरवशावर राहू नका. तिथे बहुतेक मोटारींचं असतं, सीसीएस-२ ची जाडजूड गन, आपल्या गाडीत बसत नाही. दुचाकीसाठी भारतीय मानकाचा वेगळा कनेक्टर २०२३ मध्ये ठरला, पण सगळ्या कंपन्यांनी तोच घेतलाय असं नाही. तुमच्या कंपनीच्या ॲपमध्ये बघा धुळं, मालेगाव, शिर्डी, नगरला काय दिसतंय. दिसलं तर बोनस समजा, प्लॅन मात्र घरगुती सॉकेटवरच करा.

येवलेकर_सून

माहेर पारोळा, सासर येवला, म्हणून मध्येच बोलते. दादा, मालेगावहून शिर्डीचा हट्ट कशाला, येवल्यातच मुक्काम करा की. दीडशे किमी होतात पहिल्या दिवशी, आईंच्या पाठीला तेवढे पुरे. लॉज बुक करताना फोनवरच विचारा की तळमजल्याला पार्किंगमध्ये सॉकेट आहे का आणि रात्रभर लावू देतील का. नंतर गेल्यावर विचारलं तर नाहीच म्हणतात. आणि मोबाईलसारखंच आहे थोडंसं असं सांगून फसवू नका, सरळ सांगा तीन-चार युनिट लागतील, साठ-सत्तर रुपये वेगळे देतो. एकदा पैशाचं बोललं की माणसं वायर जोडायलापण मदत करतात.

संध्याकाळी वेळ मिळाला तर मुक्तिभूमी बघा, १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथलीच. आणि आईंना पैठणीच्या दुकानांकडून नेऊ नका, चार्जिंगचे पैसे वाचवून काय उपयोग मग 😀

तापीकाठ_मुक्ताईनगर

राम कृष्ण हरी. आमच्या आईसाहेबांची, म्हणजे मुक्ताबाईंची पालखी आषाढीला कोथळीहून निघते ती महिन्याहून जास्त चालते, मलकापूर-बुलढाणा-जालना-बीड करत. आणि इथे लोक दोन दिवसात पोहोचायचं म्हणून घाई करताहेत. गाडीने जाणं चूक नाही म्हणत मी, माझे वडीलपण शेवटी शेवटी जीपने गेले. पण वाटेत थांबण्याची ठिकाणं आहेत तिथे थांबा. शिर्डीहून नगरला जाताना वाकडी वाट करून नेवासे करता आलं तर बघा, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली ती जागा, पैस खांब आहे तिथे. बॅटरीला जमत नसेल तर परतताना करा.

वायरमन_चोपडा

नेवासे जाताना नको माऊली, त्या दिवशी आधीच शिर्डी-नगर चौऱ्याऐंशी आहेत. येवल्यातून फुल निघून शिर्डीला दर्शनाच्या वेळेत तीन तास चार्ज, मग राहुरीला चहाच्या निमित्ताने तासभर, मग नगर मुक्काम. असं जमेल.

ऊसवाला_करमाळा

मी खान्देशी नाही पण बायको शिरपूरची म्हणून हा धागा कोणीतरी पाठवला. नगरच्या पुढचं मी सांगतो. नगर-करमाळा शंभरच्या आसपास धरा, मिरजगाव मध्ये लागतं, तिथे थोडं चार्ज करून घ्या. करमाळ्यात दुपारी थांबा, कमलाभवानीचं देऊळ बघा, तोवर गाडी लावा. पुढे टेंभुर्णी पन्नासच्या आत.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, कार्तिकी म्हणजे कारखाने सुरू झालेले असतात. आमच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. त्यात बैलगाड्या. अंधार पडला की समोरच्या गाडीच्या लाईटमध्ये ट्रॉली दिसतच नाही, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मी स्वतः ऊस लावतो तरी सांगतो, सूर्य मावळल्यावर करमाळा-टेंभुर्णी-पंढरपूर या पट्ट्यात दुचाकी नको. तुमचा प्लॅन रात्रीपर्यंत पंढरपूर असा आहे, तो तिथेच खोडा.

आणि गाडी पंढरपुरात नेऊच नका. यात्रेत गाड्या बाहेरच अडवतात, पार्किंग लांब, तिथे सॉकेट कुठून येणार, मठांमधे माणसाला झोपायला जागा नसते तर गाडीला कोण देईल. टेंभुर्णीत लॉजवर गाडी ठेवा, चार्जिंगला लावून द्या, सकाळी एसटीने करकंबमार्गे पंढरपूर, पंचेचाळीस किमी. येताना फुल बॅटरी तयार. एकादशीच्या दिवशी रांगेत आईंना उभं करू नका, नवमीला पोहोचून दर्शन उरका. नाहीच जमलं तर मुखदर्शन, नामदेव पायरी आणि कळस.

बिनधास्त_जळगाव

एवढं सगळं करण्यापेक्षा एसटीचं तिकीट काढा ना राव. महिलांना हाफ तिकीट आहे.

शेवभाजी_धुळेकर

बिनधास्त भो, तू भरीतपार्टीलापण असंच म्हणतोस, वांगं भाजण्यापेक्षा हॉटेलात जाऊ.

नर्स_ताई_चाळीसगाव

आईंच्या पाठीबद्दल कोणीच बोललं नाही. बासष्टीच्या बाईने सलग तासाभरापेक्षा जास्त स्कूटरच्या मागे बसू नये, दर तीस-पस्तीस किमीला उतरून दहा मिनिटं चालायचं. मागे बॅकरेस्ट बसवून घ्या. हेल्मेट त्यांनापण, डोक्यावर पदर घेऊन वर नाही, आधी हेल्मेट मग काय ते. कार्तिकात पहाटे आपल्याकडे गार असतं, कानाला स्कार्फ. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उपासाच्या दिवशी न विचारता बंद करू नका, दरवर्षी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी असे पेशंट येतातच. साबुदाणा कमी, केळी जास्त, आपलीच आहेत.

आणि ज्यांची बॅटरी काढता येते त्यांना सांगते, ती लॉजच्या खोलीत खाटेजवळ चार्जिंगला लावून झोपू नका. २०२२ च्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्या होत्या ते आठवत असेल, त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले हे खरं, पण बंद खोलीत धूर झाला तर नियम उपयोगी पडत नाहीत.

बोरीकाठचा

सगळ्यांचे आभार भो. काल ट्रायल घेतली. आईला मागे बसवून अमळनेर-धुळे आणि परत, गावातलं फिरणं धरून ७८ किमी. जाताना साठच्या स्पीडने गेलो तर ३९ किमीला ३९ टक्के खाल्ले. येताना पंचेचाळीसने आलो, तेवढ्याच अंतराला ३३. वायरमनदादा म्हणतील येताना उतार होता, तेपण आहेच. पण स्पीडचा फरक डोळ्याने दिसला. म्हणजे डबलसीट शंभर धरायचे आणि वीस टक्के शिल्लक ठेवायचे म्हणजे खरे ऐंशीच.

आता प्लॅन असा बदललाय. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून धुळ्यात मावसभावाकडे दीड तास चार्ज, नाश्ता. मालेगावात तीन तास. उजेडात येवला. दुसरा दिवस शिर्डी, राहुरी, नगर. तिसरा दिवस मिरजगावला थोडं चार्ज, मग करमाळा, टेंभुर्णी. चौथ्या दिवशी एसटीने पंढरपूर. अष्टमीला निघालो की एकादशीला सकाळी तिथे, पण करमाळेकर नवमी म्हणताहेत म्हणून षष्ठीलाच निघतो. कापूस वेचायच्या बायका दोन दिवस लवकर मिळाल्या पाहिजेत, तेच खरं अवघड आहे, चार्जिंग नाही.

अडीच एमएमची वायर घेतली. बॅकरेस्ट सांगितलाय. आईला चार दिवस लागतील म्हटलं तर ती म्हणे बरंच झालं, दिंडीत येवलं लागत नाही, तिथल्या पैठण्या बघायच्या राहिल्यात. येवलेकर ताई, हे तुमच्यामुळे.

टेंभुर्णीत तळमजल्याला सॉकेट असलेलं लॉज कोणाला माहीत असेल तर मेसेज करा. आणि परतीचं कोणीच विचारलं नाही, पौर्णिमेच्या आधी निघावं का नंतर? गर्दी कधी कमी असते त्या रस्त्याला?

ऊसवाला_करमाळा

द्वादशीला दुपारनंतर निघू नका, सगळं पंढरपूर तेव्हाच रिकामं होतं. त्रयोदशीला सकाळी निघा. करमाळ्यात दुपारी जेवायला आमच्याकडे या, शेतावर थ्री फेज आहे पण लाईट आठवडाभर दिवसा असते, आठवडाभर रात्री. कोणता आठवडा येतो ते आधी सांगतो. घरी सिंगल फेज आहेच.