सबस्ट्रेट, क्रोमोजेन की ‘रंगद्रव्य’?

प्रश्न: ऊतींच्या स्लाइडवरच्या इम्युनो-रंजनाची (अँटिबॉडीच्या मदतीने ऊतीतला ठराविक घटक रंगवून दाखवण्याची) कार्यपद्धती मराठीत लिहितो आहे. एन्झाइमला शाळेच्या पुस्तकातलं ‘विकर’ आहेच. पण सबस्ट्रेटला, म्हणजे विकर ज्यावर काम करतं त्या रसायनाला, काय म्हणायचं? ‘अधःस्तर’ म्हटलं की खडक आठवतो. आणि डीएबी या तपकिरी रंग देणाऱ्या क्रोमोजेनला ‘रंगद्रव्य’ म्हटलं तर चालेल का?

– ‘रंगद्रव्य’ नको. रंगद्रव्यात रंग आधीपासूनच असतो, जसं त्वचेतलं मेलॅनिन. डीएबीचं ताजं द्रावण जवळजवळ बिनरंगी असतं. अँटिबॉडीला जोडलेलं पेरॉक्सिडेज हे विकर जिथे बसलंय तिथेच ते तपकिरी होतं. म्हणून ‘रंगजनक’. मेलॅनोमाच्या (मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या) स्लाइडवर तर हा घोळ शब्दापुरता राहत नाही. तिथे मेलॅनिन आधीच तपकिरी, त्यावर डीएबीचा तपकिरी. खरा कुठला ते ओळखू येत नाही. तिथे लाल रंग देणारं एईसी किंवा फास्ट रेड घेतात.

– सबस्ट्रेट आणि रंगजनक एकच नाहीत, हेही कार्यपद्धतीत यावं. पेरॉक्सिडेजचं पहिलं सबस्ट्रेट हायड्रोजन पेरॉक्साइड. डीएबी त्याला इलेक्ट्रॉन पुरवतं आणि स्वतः रंगतं. १०० मिली ट्रिस बफरमध्ये (०.०५ मोलर, पीएच ७.६) ५० मिग्रॅ डीएबी विरघळवून गाळायचं आणि वापरायच्या ऐन वेळी ३० टक्के पेरॉक्साइड १०० मायक्रोलिटर घालायचं, म्हणजे ते ०.०३ टक्के होतं. ‘अजून थोडं’ घालू नये, जास्त पेरॉक्साइड विकरालाच निकामी करतं. उलट बाटली जुनी, पेरॉक्साइड उतरलेलं असेल तर स्लाइड कोरीच राहते आणि बोल लागतो अँटिबॉडीला. शंका आली तर उरलेल्या द्रावणात पेरॉक्सिडेज जोडलेल्या अँटिबॉडीचा एक थेंब टाका. तपकिरी झालं तर द्रावण ठीक, दोष आधीच्या पायरीत. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून हातमोजे घालायचे आणि सिंकमध्ये ओतायचं नाही.

– अँटिबॉडीला पेरॉक्सिडेजऐवजी अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर जोडलेलं असेल तर जोडी वेगळी. सबस्ट्रेट बीसीआयपी, एनबीटी इलेक्ट्रॉन घेतं आणि निळाजांभळा फॉर्मॅझन होतं. पीएच ९.५, सोबत मॅग्नेशियम. याआधीची शेवटची धुणी फॉस्फेट बफरची नको, ट्रिसची हवी, कारण फॉस्फेट या विकराला रोखतं. तसंच पेरॉक्सिडेजच्या बफरमध्ये सोडियम अझाइड (बफर टिकवायला घालतात ते) नको. ऊतीतलं मूळचं फॉस्फटेज बंद करायला १ मिलिमोलर लेव्हामिसोल हे रोधक; आतड्याच्या फॉस्फटेजवर मात्र ते चालत नाही. अँटिबॉडीला जोडलेलं फॉस्फटेज बहुधा वासराच्या आतड्यातलंच असतं, म्हणून तर ते वाचतं!

– सबस्ट्रेट ‘सबस्ट्रेट’च ठेवा. लेबलवर तोच शब्द असतो, काउंटरवरही तोच मागतात. मराठी विशेषण हवं ते दुसऱ्याच गोष्टीला, रंगजनकाला. एलायझा चाचणीच्या टीएमबी या रंगजनकाच्या बाटलीवरही ‘सबस्ट्रेट’ लिहिलेलं असतं, पण त्याचा रंग द्रावणातच राहतो, कारण तो मशिनने मोजायचा असतो. तीच बाटली स्लाइडवर ओतली तर निळा ओघळ वाहून जातो, पेशीवर काही उरत नाही. ऊतीवर साका (न विरघळणारा रंगीत थर) बसायला हवा. ‘अविद्राव्य अवक्षेप देणारे’ बरोबर आहे, पण ‘साका देणारा रंगजनक’ टेक्निशियनला एका वाचनात कळेल.

– साकाही कशात विरघळतो ते लिहा. डीएबीचा अल्कोहोल आणि झायलीनमध्ये टिकतो, त्यामुळे माउंट करायला नेहमीसारखं डीपीएक्स. एईसीचा लाल साका अल्कोहोलमध्ये धुऊन जातो. त्याच्या पानावर ‘निर्जलीकरण करून माउंट करा’ हे वाक्य डीएबीच्या पानावरून चुकूनही उतरवू नका. एईसीला केंद्रकं रंगवायला मेयरचं हिमॅटॉक्सिलिन, आम्ल-अल्कोहोलची बुडी नाही, माउंट करायला ग्लिसरीन-जिलेटिन.

प्रश्नकर्ता: म्हणजे वाक्य असं: ‘साका देणारा रंगजनक सबस्ट्रेटसह घाला, रंग येताच धुवा.’

– ‘रंग येताच’ काढा, प्रत्येकाचा डोळा वेगळा. पॉझिटिव्ह कंट्रोल (रंग यायलाच हवा अशी स्लाइड) सूक्ष्मदर्शकाखाली पाहून वेळ ठरवा, डीएबीला साधारण ५ ते १० मिनिटं. मग निगेटिव्ह कंट्रोलसकट (रंग येऊ नये अशा स्लाइडसकट) सगळ्या स्लाइडना तेवढाच वेळ.